हात चालवणारी पेटी

हल्ली तिला 'व्हिंटेज' म्हणतात. परवा माझ्या भाच्याचा एक मित्र बायकोला घेऊन बेळगावच्या घरी आला. दारात चपला काढल्या, मला वाकून नमस्कार केला, आणि नमस्कार पुरता व्हायच्या आतच त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली. "अगं बघ, रेडिओग्राम. अस्सल लाकूड आहे ना मावशी?" मग दोघंही तिच्यापुढं गुडघे टेकून बसले. बोटं फिरवली, झाकण उघडून वास घेतला, फोटो काढले. आतलं सगळं उपसून फोनवर चालणारा स्पीकर बसवला तर कशी झकास दिसेल, हेही मला सांगून झालं. मी चहा आणला. ती पोरगी कप पेटीवर ठेवणार तेवढ्यात मी ओरडले. ती नवऱ्याला म्हणाली, "बघ, किती जीव आहे मावशींचा." जीव कसला! मला त्या पेटीचा हेवा वाटतो, आणि तो आजचा नाही. तोंडावर सांगायची मला सवय आहे. मी लिहायला शिकले तीच मुळी पत्रकं लिहून, सायक्लोस्टाइलच्या गुलाबी कागदावर, एका बाजूला मावेल तेवढं. तिथं आडून बोलायला जागा नसते. तेव्हा हेही तसंच लिहिते.

निपाणीत आमच्या गल्लीची सकाळ तंबाखूच्या खकाण्यानं व्हायची. कुणी तरी उठून सूप झटकलं की अख्खी गल्ली शिंकायची, आणि शिंका ऐकून कोण उठलं, कोण अजून लोळतंय ते कळायचं. आमच्या दोन खोल्या, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, कडेला शेवग्याचं झाड. आईच्या हातची भाकरी कडसर लागायची. हात कितीही घासले तरी बोटांच्या चिरांतला तंबाखू पिठात उतरायचा. भाकरीची चव अशीच असते असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. पुढं मैत्रिणीकडं जेवले तर भाकरी गोड लागली, आणि मला वाटलं यांनी गूळ घातलाय. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, कधी शेवग्याच्या पाल्याची भाजी. वडील बेळगावला उद्यमबागेत, ओतकामाच्या कारखान्यात. शनिवारच्या बसनं यायचे. अंगाला जळक्या वाळूचा वास आणि काखेत कुणाकुणाचे वाचून झालेले पेपर. ते पेपर माझे.

बिड्या वळणाऱ्या बायकांची एक रीत होती. एकटीनं बसून वळायचं नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. हात आणि डोळे त्यातच गुंतलेले, मोकळे फक्त कान. तेव्हा ज्या अंगणात कानांची सोय, त्या अंगणात बायका. आमच्या अंगणात मी होते. दुपारी शाळेतून, पुढं कॉलेजातून आले की शेवग्याला टेकून पेपर वाचायची, मोठ्यानं, जाहिरातींसकट. बायका मध्येच बोलायच्या, मंत्र्यांना शिव्या घालायच्या, कुठल्याशा गावातल्या चोरीची बातमी पुन्हा वाचायला लावायच्या. माझ्याएवढा मान तेव्हा गल्लीत कुणालाच नव्हता. एक आईच तेवढी कुरकुरायची. मी काही रंगून वाचायला लागले की म्हणायची, "आगं, बारीकसारीक वाच की काय तरी. तू आसलं वाचाय लागलीस की हात थांबतोय माझा." ते मी टाकून बोलणं धरायची. तिचं मन बिड्यांत, माझ्यात नाही.

गल्लीच्या तोंडाला बिडी कंत्राटदाराचं घर. त्यांना सगळे आप्पा म्हणत. पान आणि तंबाखू आप्पांनी द्यायचा, वळलेल्या बिड्याही त्यांनीच घ्यायच्या, आणि घेताना दोन-चार मुठी बाजूला काढायच्या. ती छाट. याचं तोंड नीट मोडलं नाही, त्याचं पान फाटलंय. छाटीची मजुरी नाही आणि छाट परतही नाही. ती कुठं जायची? चांगल्या बिड्यांत मिसळून बंडलात जायची. ओढणाऱ्याला ती चांगली, वळणारीला तेवढी वाईट. आणि घेण्याची तऱ्हाही सांगते. आप्पांच्या घराला पुढं कमरेइतका उंच सोपा. आम्ही बौद्ध. आमच्या बायका खाली अंगणात उभ्या, आणि पानांचा भारा सोप्यावरून खाली यायचा. हातात द्यायचे नाहीत, टाकायचे. बाबासाहेबांचा फोटो आमच्या घराघरांत होता, कायदा पुस्तकात होता आणि भारा अजून वरूनच पडत होता.

अशात त्या सोप्यावर पेटी आली. बेळगावच्या कॅम्पात कुणा मिलिटरी साहेबाची बदली झाली, त्याचं सामान आप्पांनी उचललं. टेंपोतून उतरवली तेव्हा मला ती शवपेटीच वाटली, एवढी लांब. चार निमुळते पाय, गडद तांबूस लाकूड, त्यात आपलं तोंड दिसावं असं पॉलिश. पुढं सोनेरी धाग्याचं कापड ताणलेलं, वर काचेची पट्टी, पट्टीवर गावांची नावं. झाकणाखाली तबकड्या वाजवायची सोय. बटण फिरवलं की लगेच काही व्हायचं नाही. आधी काचेमागं पिवळा उजेड, मग हिरवा डोळा मांजरासारखा किलकिला व्हायचा, मग तापल्या धुळीचा आणि लाकडाचा वास, आणि मग कुठं खोलातून आवाज वर यायचा. जाड, उबदार आवाज. माझा आवाज चिरका होता, अजून आहे.

आप्पांची बायको गंगाक्का. माहेर धारवाडकडचं, बोलणं निम्मं कानडी, निम्मं आमचं. घरात मूलबाळ नाही, आप्पा दिवसभर वखारीत. ऐकायला कुणी नसेल तर असल्या पेटीचं करायचं काय? एका दुपारी आई भारा घ्यायला गेली होती. मी बरोबर होते म्हणून सांगते. गंगाक्का सोप्याच्या कडेला आली आणि म्हणाली, "तानूबाई, खाली कशाला? वर बर्री. कूडरी, बसा हितं." आईनं मागं वळून बघितलं, तिच्या मागं आणखी कुणी तानूबाई उभी आहे का म्हणून. मग पदर खोचला आणि पायऱ्या चढली. मी खालीच राहिले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

त्या आठवड्यात आमचं अंगण ओस पडलं. आई सुपासकट तिकडं, आणि आईमागं सगळ्या. मी शेवग्याखाली पेपर उघडून बसायची. समोर एक कोंबडी. तिकडून गाणी यायची, बायकांचे कार्यक्रम यायचे, धारवाड लावलं की गंगाक्का भाषांतर करायची, सांगली लावलं की आई. गावात पोरं भाषेवरून एकमेकांची डोकी फोडत होती आणि या दोघी एका काट्यावर दोन्हीकडं जाऊन येत होत्या. हे मला आज छान वाटतं. तेव्हा छान वाटलं नाही, अंगाची लाही झाली. कारण आई तिथं हसायची. साहेबाच्या सामानात इंग्रजी नाचाच्या काही तबकड्या आल्या होत्या. त्यातल्या एकीत मध्येच शिट्टी होती. ती आली की आईचे खांदे हलायचे, सुपातला तंबाखू उडायचा आणि ती खदखदून हसायची. रस्त्यावरून मी ते बघितलं. आमच्या घरात आई तशी कधीच हसली नव्हती. मी किती गोष्टी वाचल्या तिच्यापुढं, किती विनोद वाचले. गोऱ्याच्या शिट्टीला हसली.

एकदा भाकरी थापताना मी विषय काढला.

"तिथं बसलं की आप्पांचं काम वाढतंय. गाण्याच्या ठेक्यावर हात पळतोय तुमचा. बैलाला घुंगरं बांधत्यात तसलं हाय हे."

"मग बैलाला घुंगरं आवडत न्हाईत व्हय?"

"छाट कमी झाली का तुझी?"

"न्हाय."

"चहा देत्यात न्हवं? कप कुठला?"

कप वेगळाच होता, कोनाड्यातला. मला माहीत होतं म्हणूनच विचारलं. आईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "शकू, तुझ्या कागदात आमी येक ना येक दिवस वर बसनार हाय. चांगलं लिवतीस. पर मला त्या पेटीनं आदीच बसवलंया. कपाचं बघू फुडं."

हरले की मी पत्रक लिहायची. कॉलेजातल्या आमच्या मंडळाकडं सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. नाव दिलं 'लाकडी पेटीच्या दासी'. नाव कुणाचं घेतलं नाही, घ्यायची गरज नव्हती. छाटीबद्दल लिहिलं, वरून पडणाऱ्या भाऱ्याबद्दल लिहिलं, आणि कानात गाणं ओतून हात लुटणाऱ्या नव्या युक्तीबद्दल लिहिलं. शेवटी विचारलं, 'बायांनो, तुम्ही ऐकताय की तुम्हाला वाजवलं जातंय?' त्यातलं एक अक्षर मी आजही मागं घेत नाही. ते खरं होतं. मी ते चिडून लिहिलं, आणि चिडून लिहिलेलं खरं असू शकतं.

ते वाचायला मी दुपारचीच वेळ धरली, बायकांच्या कार्यक्रमाची. आप्पांच्या अंगणात, सोप्यासमोर उभी राहिले आणि पहिल्या ओळीपासून सुरू केलं. वर सगळ्या बसलेल्या, गंगाक्का पाटावर, आई पेटीला पाठ टेकून. आप्पा नेमके जेवायला घरी आलेले. ते आतून आले, माझ्याकडं बघितलं आणि पेटीचा आवाज वाढवला. सगळा वाढवला. ती पेटी ओरडायला लागली की सोप्याच्या तुळया थरथरायच्या. मी आणखी ओरडले. माझा घसा फाटला, शब्द मलाच ऐकू येईनात. आप्पा हसत होते. दोन बायकाही हसल्या, त्यांची नावं मी सांगत नाही, त्यांना नातवंडं आहेत.

तेव्हा आई उठली. बटणाला हात लावायची मुभा फक्त गंगाक्काला आणि आप्पांना होती, बाकी कुणी लावत नसे. आईनं तंबाखूचा हात पदराला पुसला आणि बटण पार मागं फिरवलं. टक्. हिरवा डोळा मिटला. अख्ख्या गल्लीत एकदम एवढं शांत झालं की ओतलेल्या पाण्यासारखं माझं वाक्य अंगणात पसरलं.

"वाच," आई म्हणाली. "काय लिवलंयस ते समदं वाच. निम्मं नको."

मी वाचलं. दासी शब्द चारचौघींत, आईच्या तोंडावर वाचला. कुणी मध्ये बोललं नाही. वाचून झाल्यावर आई एवढंच म्हणाली, "झालं? आता घरी जाऊन भात लाव." आणि तिनं बटण पुन्हा फिरवलं. पिवळा उजेड आला. हिरवा डोळा किलकिला झाला. सगळ्या जणी माना वर करून त्या डोळ्याकडं बघत बसल्या, आवाजाची वाट बघत. माझ्यासाठी असं माना वर करून कुणी थांबलेलं मला आठवेना. मी घरी गेले आणि भात लावला. करपला.

दुसऱ्या दिवशी पेटी सोप्यावर नव्हती. तानूबाईनं हात लावला म्हणून आप्पांनी ती आतल्या खोलीत नेऊन कुलूप घातलं होतं. बायका परत खाली अंगणात. आणि वरून भारा आला. रोज पडायचा तसाच पडला. आईनं तो उचलला नाही. तिच्या मागच्या बाईनंही नाही. भारा पडला तिथंच राहिला, आणि त्यावर दुसरा, तिसरा. आप्पा म्हणाले, "काय गं, हात मोडलं काय?"

आई म्हणाली, "हातात द्या. मग बगू."

माझी पत्रकं कित्येक महिने काम बंद करा म्हणून सांगत होती. काम बंद झालं ते असं, कागदावर नव्हतं त्या कारणानं. मी मात्र धावत गेले. शेजारच्या गल्ल्यांत निरोप गेले, तिथलेही भारे पडून राहिले. घराघरांत चुलीवर नुसतं मीठ-मिरचीचं पाणी उकळायचं. वडिलांनी कारखान्यातून वर्गणी आणली. आमच्या अंगणात पुन्हा बायका भरू लागल्या, शेवग्याखाली मी पुन्हा वाचू लागले. म्हणजे मला हवं होतं ते मिळालं. आई माझ्यासमोर बसायची आणि ऐकायची. हसायची नाही. मी वाचता वाचता तिच्या खांद्यांकडं बघायची.

पानं वाळायला लागली तेव्हा आप्पा पहिल्यांदा पायऱ्या उतरून खाली आले. मागण्या मी लिहून नेल्या होत्या. भारा हातात द्यायचा. छाट काढली तर ती वळणारीच्या डोळ्यांसमोर मोडायची, बंडलात घालायची नाही. मी दोन्ही वाचल्या. आप्पांचा हात मिशीवर गेला. तेवढ्यात आई म्हणाली, "आनि तिसरी. ती पेटी सोप्यावर आना. आमी वर बसनार."

मला धरणी फाटावी असं झालं. आमच्या लढ्याची मागणी, पेटी! मंडळात मी हे कुणाला सांगू? आणि आप्पांनी मान्य काय केलं सगळ्यात आधी? तीच. "पेटी आनतो," ते म्हणाले. "बसा वर. छाटीचंबी बगू, समोर मोडू. पन येक हाय. ही पोरगी हितं वाचनार न्हाय. माझ्या सोप्यावर न्हाय, अंगनात न्हाय. पेटीवर तुमचं हात चालत्यात. ही वाचाय लागली की थांबत्यात."

सगळ्या आईकडं बघायला लागल्या. मीही. पेटी की पोरगी, असंच ते होतं, आणि मला वाटलं, आता ही म्हणेल, ठेवा तुमची पेटी. आईनं क्षणाचाही वेळ घेतला नाही.

"न्हाय वाचनार हितं," ती म्हणाली. "चिंचंच्या कट्ट्यावर वाचंल. आमी काम सारून तिकडं जाऊ."

असा तह झाला. भारा हातात यायला लागला. छाट समोर मोडायला लागली, आणि मोडायचीच झाल्यावर ती फारशी निघेनाशी झाली. पेटी सोप्यावर आली. पुढं गंगाक्कानं कोनाड्यातले कप एका दुपारी कुणाला न सांगता फोडून टाकले, असं आई सांगायची. मी संध्याकाळी गल्लीबाहेर चिंचेखालच्या कट्ट्यावर वाचायची. सूप घरी ठेवून बायका यायच्या, दुसऱ्या गल्लीतल्याही यायच्या, हात मांडीवर सोडून बसायच्या. पण सोप्यावरून गाण्याची एखादी ओळ वाऱ्यावर आली की आईची मान तिकडं कलायची. मला तेवढंच दिसायचं.

बरीच वर्षं गेली. मी शिक्षिका झाले, बेळगावला आले, आईला आणलं. आप्पा गेले, त्यांचं निपाणीचं घर विकलं गेलं, आणि एक दिवस दारात टेंपो उभा. गंगाक्कानं पेटी पाठवली होती, तानूबाईला. आईला तेव्हा नीट दिसत नव्हतं. तिनं हात फिरवून पाय चाचपले, कापड चाचपलं, बटणाशी येऊन थांबली आणि खांदे हलवून हसली. तेच हसणं. इतक्या वर्षांनी माझ्या घरात आलं, तेही टेंपोतून.

मग माझ्यानं राहवलं नाही. खोबरेल तेलाचं फडकं घेऊन ती लाकूड पुसत होती, तेव्हा म्हणाले, "त्या दिवशी समद्यांसमोर तू मला देऊन हिला घेतलीस."

आईचा हात चालूच होता. "येडी हायस," ती म्हणाली. "आप्पानं पेटी द्यायला किती येळ लावला गं?"

"लावलाच न्हाय."

"आनि तुला हाकलाय किती जोर लावला? इचार कर. पेटी ऐकून कवा कुनाचा हात थांबला व्हता का?" असं म्हणून तिनं फडकं उलटं केलं आणि दुसरी बाजू पुसायला घेतली.

मला ते पटलं. पटलं म्हणून हेवा गेला असं नाही. आई गेली, पेटी राहिली, आणि दारातून येणारा माणूस अजून आधी तिच्याकडंच बघतो. तिच्या आतले आवाजाचे व्हॉल्व्ह आता जळून गेलेत. बटण फिरवलं तर पिवळा उजेड येतो, हिरवा डोळा थोडा किलकिला होतो, आणि पुढं काही नाही. दुरुस्त करून देणारा एक जण खडेबाजारात आहे असं भाचा सांगतो. मी अजून गेले नाही. रोज सकाळी बटण फिरवते, तिच्यासमोर खुर्ची ओढून बसते आणि पेपर वाचते, मोठ्यानं, जाहिरातींसकट. ती मध्ये बोलत नाही.